बरोज व्हायचंय म्हणून कॉलेज सोडायचं?

पत्र: "माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे. दहावीला ७१ टक्के पडले म्हणून अकरावी सायन्सला घातला. सकाळ-संध्याकाळ गावच्या तालमीत जातो. शालेय कुस्तीत जिल्ह्यात दोनदा पहिला आला. आता म्हणतो, कॉलेज बंद करून पुण्याच्या तालमीत राहायला जातो. मोबाईलवर सारखा जॉर्डन बरोज नावाच्या अमेरिकन पैलवानाच्या कुस्त्या बघतो. 'तो काय शिकत बसला होता का? त्यानं फक्त कुस्ती केली,' असं मलाच ऐकवतो. वजन भरतं ७० किलो, पण ६५ च्या गटात खेळायचं म्हणून दोन-दोन दिवस जेवत नाही, पाणी पीत नाही, जर्किन घालून पळतो. वस्ताद म्हणतात पोरात दम आहे. मिस्टर त्याच्या बाजूचे. घरी दोन एकर ऊस आणि तीन म्हशी. मी काय करू?" (एक आई, सांगली जिल्हा)

ताई, नमस्कार.

मुलानं माणूस चांगला निवडलाय. पण मोबाईलवर त्याला बरोजच्या सहा-सहा मिनिटांच्या कुस्त्या दिसतात, त्या कुस्त्या जिथं तयार झाल्या ती जागा दिसत नाही. ती जागा म्हणजे एक विद्यापीठ. 'तो काय शिकत बसला होता का?' या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे, हो, बसला होता. पाच वर्षं.

बरोजचा जन्म १९८८ चा, न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेनचा. शाळेच्या शेवटच्या वर्षी तो राज्याचा विजेता झाला आणि २००६ मध्ये नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाला. तिथल्या पहिल्या हंगामात तो १६ कुस्त्या जिंकला आणि १३ हरला. हा आकडा मुलाला मोठ्यानं वाचून दाखवा. राज्य जिंकून आलेला पोरगा, आणि जवळपास निम्म्या कुस्त्यांत पाठ लागली नाहीतर गुणांवर गेला. दुसऱ्या हंगामात, २००८ ला, तो देशातल्या कॉलेज पैलवानांत तिसरा आला. २००९ ला ३५ पैकी ३५ कुस्त्या जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्या हंगामात गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि वर्ष गेलं. परत आला तो २०११ ला, ३६ पैकी ३६. त्या वर्षीच्या सर्वोत्तम कॉलेज पैलवानाला देतात ती डॅन हॉज ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

आता गुडघ्याच्या त्या वर्षाकडे नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथं आहे. अमेरिकन कॉलेज खेळात दुखापतीनं हंगाम बुडाला तर नियमात बसल्यास ते वर्ष खेळाडूच्या खात्यातून वजा होत नाही. तो वर्गात बसतो, बरा होतो आणि पुढच्या वर्षी उतरतो. म्हणजे वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा गुडघा गेला तेव्हा त्याचा कोच, त्याचा मॅट, फिजिओ, सोबतचे पैलवान आणि अभ्यास, सगळं जागच्या जागी होतं. हीच दुखापत पुण्यात खोलीवर राहणाऱ्या, कॉलेज सोडलेल्या पोराला झाली तर? तो ट्रंक घेऊन गावाकडे येतो. असे येऊन बसलेले तुमच्या पंचक्रोशीत दोन-तीन तरी असतील. मिस्टरांना त्यांची नावं माहीत असतील, त्यांनाच विचारा.

तिकडची ही व्यवस्था फुकटची नाही. विद्यार्थी म्हणून ठरलेले विषय पास व्हावे लागतात, सरासरी गुण ठरावीक रेषेखाली गेले की राष्ट्रीय विजेता असला तरी मॅटवर उतरू देत नाहीत. शिष्यवृत्त्यांचंही आपल्याला वाटतं तसं नसतं. कितीतरी वर्षं पहिल्या दर्जाच्या एका कुस्ती संघाला ९.९ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, आणि संघात पोरं तीसेक. मग कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. आता ते नियम बदलले आहेत, पण बरोजची पिढी या वाटणीतून आली.

आणखी एक गोष्ट मुलाला कदाचित माहीत नसेल, आणि पैलवान म्हणून ती त्याला आवडेल. अमेरिकेतली कॉलेज कुस्ती फ्रीस्टाइल, म्हणजे ऑलिंपिकला बरोज खेळला ती कुस्ती, नाहीच. तिचे नियम वेगळे. खाली घेतलेल्या पैलवानाला दाबून, उठू न देता ताब्यात ठेवण्याला तिथं फार मोल. फ्रीस्टाइलमध्ये उलट पंच थोडा वेळ बघतात आणि उभं करतात, आणि भारंदाज मारून, म्हणजे खालच्याला कंबरेला धरून लोळवून, गुण लुटता येतात. थोडक्यात तिकडच्या पोरांनाही आपल्या माती आणि गादीसारखा फेर बदलावा लागतो. बरोजनं मार्च २०११ मध्ये कॉलेजचं विजेतेपद घेतलं आणि सप्टेंबरमध्ये इस्तंबूलला ७४ किलो फ्रीस्टाइलमध्ये जागतिक विजेता झाला. सहा महिने! हे जमलं कारण त्याचा दुहेरी पट दोन्ही नियमांत चालतो. समोरच्याच्या दोन्ही पायांत तो ज्या वेगानं शिरतो, ते तुमचा मुलगा रोज बघतोच. पण तो पट घटवायला रोज वेगवेगळ्या बांध्याचे, आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा भारी जोडीदार लागतात, आणि ते कॉलेजच्या खोलीत रोज हजर असायचे.

त्यानंतरचं मुलाला पाठ असेल: २०१२ लंडन ऑलिंपिक, अंतिम फेरीत इराणच्या सादेग गुदार्झीला हरवून सुवर्ण. २०१३ ला बुडापेस्टच्या स्पर्धेच्या महिनाभर आधी घोटा मोडला, त्यात स्क्रू बसवले, तरी सुवर्ण. २०१५, २०१७, आणि मग वयाच्या तिशीनंतर ७९ किलोत २०२१ आणि २०२२. सहा जागतिक आणि एक ऑलिंपिक, अशी सात सुवर्णं. तोवर कुठल्याही अमेरिकन पैलवानाच्या नावावर इतकी नव्हती.

पण मधली पानं मुलगा वगळत असणार. २०१६ रिओ. बरोज सर्वांत मोठा दावेदार, आणि उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या अनिउअर गेदुएवकडून ३-२ नं हरला. कांस्याच्या वाटेवर रेपेचाजमध्ये, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीत, उझबेकिस्तानच्या अब्दुरखमोनोवनं ११-१ असा धुतला. रिकाम्या हातानं घरी. २०२१ ला टोकियोसाठीच्या अमेरिकन ट्रायलमध्ये काइल डेककडून हरला, म्हणजे ऑलिंपिकला गेलाच नाही. २०२४ लाही नाही. आठ वर्षांत तीन ऑलिंपिक गेली, आणि तरी माणूस उभा राहिला. हे फक्त जिद्दीनं झालं, असं मला वाटत नाही. त्याच्या खाली जमीन होती.

पैशाचंही बघा. अमेरिकेत पदक मिळालं म्हणून सरकार डीवायएसपी करत नाही. २०१२ च्या सुवर्णाबद्दल त्याला अमेरिकन कुस्ती संघटनेच्या पदक निधीतून अडीच लाख डॉलर मिळाले, बुटांच्या कंपनीनं त्याच्या नावाचे बूट काढले. पण तो निधी जिंकणाऱ्याचा आहे. रिओत हरल्यावर त्यातलं काही आलं नसणार, हे सांगायला हिशेबनीस नको. तिथले बरेच चांगले पैलवान पुढे कुठल्यातरी कॉलेजात कोच होऊन पोट भरतात, आणि कॉलेजात कोच व्हायचं तर कॉलेज केलेलं असावं लागतं.

तुमचा मुलगा हुशार असेल तर या ठिकाणी मला एक नाव तोंडावर फेकेल: हेन्री सेहुदो. आणि त्यात तथ्य आहे. सेहुदोनं कॉलेज कुस्ती केलीच नाही. शाळेतून थेट कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रात गेला आणि २००८ ला बीजिंगमध्ये २१ व्या वर्षी ५५ किलोचं सुवर्ण घेऊन आला. तेव्हा कॉलेजशिवाय होत नाही असं मी म्हणणार नाही. मात्र तो घर सोडून गेला तो देशाच्या ऑलिंपिक केंद्रात. राहणं, खाणं, मॅट, कोच सगळं तिथं. पुण्यात स्वतःच्या पैशानं खोली आणि खुराक करून राहणं ही वेगळी गोष्ट झाली. आपल्या पोराला उद्या साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात किंवा लष्कराच्या पुण्यातल्या स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये निवडलं, तर मला पुन्हा पत्र लिहा, माझं उत्तर बदलेल.

उलट बाजूला काइल स्नायडर आहे. तो २०१५ ला वयाच्या १९ व्या वर्षी जागतिक विजेता झाला. आपल्याकडे त्या दिवशी गावात हत्तीवरून मिरवणूक निघाली असती आणि पुस्तकं माळ्यावर गेली असती. स्नायडर ओहायो स्टेट विद्यापीठात परत वर्गात जाऊन बसला. मार्च २०१६ ला कॉलेजचं विजेतेपद, ऑगस्टमध्ये रिओत ९७ किलोचं सुवर्ण, आणि त्यानंतरही २०१७ आणि २०१८ ला पुन्हा कॉलेज विजेता. जगज्जेत्याला कॉलेज सोडावंसं वाटलं नाही, कारण त्याची तालीम कॉलेजातच होती.

आता अडचण अशी की आपल्याकडे तालीम एकीकडे आणि कॉलेज दुसरीकडे. अमेरिकेत विद्यापीठ जे एका छपराखाली देतं, ते तुम्हाला हातानं जोडावं लागणार. नवीन काही सांगत नाही मी. खाशाबा जाधवांचं घ्या. गोळेश्वरचा पैलवान, पण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये गादीची कुस्ती त्यांना नवी होती, तेव्हा मार्गदर्शन मिळालं ते रीस गार्डनर या अमेरिकन पैलवानाचं. मिस्टर जुन्या वळणाचे असतील तर बरोजपेक्षा हे उदाहरण त्यांना पटेल.

आणि २०१५ ला लास व्हेगासमध्ये बरोज ७४ किलोत सुवर्ण घेत होता, तेव्हा त्याच गटात कांस्यपदक घेणारा नरसिंग यादव होता. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी आणि महाराष्ट्र पोलिसांतला अधिकारी. २०१९ ला नूर-सुलतानमध्ये आपल्या बीडच्या राहुल आवारेनं ६१ किलोचं कांस्य घेतलं, तेही अमेरिकेच्या टायलर ग्राफला हरवून. तोही पोलीस दलात. आपल्या मुलांपुढे ही वाट आहे आणि ती वाईट नाही. पण तिच्या दारावर शिक्षणाची पाटी आहे: शिपाई भरतीला बारावी, पीएसआयला पदवी. खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असल्या तरी ही अट सुटत नाही. पतियाळाच्या एनआयएसमध्ये (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत) कोचिंगचा डिप्लोमा करायचा तर साधारणपणे पदवी हवी, शाळेत खेळाचा शिक्षक व्हायला लागणाऱ्या बीपीएडला तर हवीच. अकरावीत कॉलेज सोडणारा पोरगा हे सगळं सोळाव्या वर्षी नाकारतो, आणि ते त्याला समजतं पंचविसाव्या वर्षी.

अमेरिकेत जाऊन कॉलेज कुस्ती करायचं मनात असेल तरी तेच. तिथल्या प्रवेशाला नववी ते बारावीचे ठरावीक १६ विषय आणि त्यांतले गुण तपासतात. बारावी संपल्यावर नुसती तालीम करण्यात वर्षं घालवली तर खेळण्याची पात्र वर्षं कमी होतात. इनामाच्या कुस्त्यांचाही हिशेब मागतात आणि ते नियम बदलत असतात, म्हणून जत्रेत काय घेतलं याची वहीत नोंद ठेवा. मी या वाटेवर फार आशा लावायला सांगणार नाही. पहिल्या दर्जाचे संघ सगळे मिळून पाऊणशेच्या आसपास, आणि त्यांचे कोच मुलं शोधतात ती त्यांच्याच शालेय कुस्तीतून. पण हे दार उघडतं बारावीच्या मार्कशीटनं, एवढं मुलाला कळू द्या.

आता वजन. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ तीच, आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान वजन तोडता तोडता वारले. पाणी बंद, रबरी सूट, गरम खोलीत सायकल. तिघंही तरणीताठी. त्यानंतर तिथं रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली, वजन कुस्तीच्या तोंडावर घ्यायला लागले, आणि हंगामाआधी लघवी तपासून, शरीरातली चरबी मोजून किमान वजन ठरवायला लागले. त्याच्या खालच्या गटात उतरताच येत नाही. कॉलेजात चरबीची खालची मर्यादा ५ टक्के, शाळकरी मुलग्यांना ७. तुमचा मुलगा जर्किन घालून पळतो ते तिकडे केलं असतं तर कोचवर कारवाई झाली असती.

आणि बरोजचं वजन कसं गेलं बघा. २००८ ला तिसरा आला तो १४९ पौंडांत, म्हणजे साडेसदुसष्ट किलोत. विजेता झाला तो १५७ मध्ये, म्हणजे ७१ किलो. दुसऱ्यांदा १६५ मध्ये, पावणेपंचाहत्तर. मग ७४ किलो फ्रीस्टाइल, आणि तिशीनंतर ७९. अंग भरत गेलं तसा तो वरच्या गटात गेला आणि तिथं जिंकला. वाढत्या वयात खालच्या गटात घुसायला उपाशी राहणं हे त्याच्या वाटेवर नाही. सतरा वर्षांखालील गटात ७१ किलोचा गट आहेच की! ७० वजन भरणाऱ्या पोरानं ६५ साठी जीव का काढायचा? एखादं जिल्ह्याचं पदक सोपं जातं म्हणून? वस्तादांना हा प्रश्न मिस्टरांनी विचारावा, तुम्ही नको. त्यांच्यात बोलणं वेगळ्या पद्धतीनं होतं.

तेव्हा माझं मत असं. अकरावी सोडू नये. सायन्स झेपत नसेल, प्रॅक्टिकलमुळे सराव बुडत असेल, तर कला किंवा वाणिज्य शाखेला जाण्यात कमीपणा नाही. सायन्स त्यानं ठेवावं ते पुढे फिजिओथेरपीचा विचार असेल तरच, आणि त्याला नीटची परीक्षा आहे हे लक्षात ठेवून. सांगली किंवा कोल्हापुरात असं कॉलेज शोधा की जिथून मॅट असलेली तालीम सायकलच्या अंतरावर आहे आणि जिमखान्याचे सर खेळाडूंच्या हजेरीचं बघतात. क्रीडागुणांचा प्रस्ताव वेळेत जातो का, हेही त्याच सरांना विचारा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते. तो शेवटचा पर्याय ठेवा, कारण कॉलेजात नाव नसलं की शालेय स्पर्धा हातातून जातात, आणि पुढे आंतरविद्यापीठ, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा यांची वाटही लांबते. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. तीन म्हशींच्या घरात खुराकाला तो मोठा आधार आहे.

पुण्याला पूर्ण नाही म्हणू नका, नाहीतर तो पळून जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पाठवा, मिस्टर सोबत जाऊन येऊ देत. तिथं बघायचं ते असं: मॅट आहे का नुसती माती, तालमीतली किती पोरं कॉलेजात जातात, आणि दुखापत झाली तर पोराला कोण कुठं नेतं. वस्तादांचं नाव किती मोठं आहे हे शेवटी विचारा. त्या दोन महिन्यांत तो हरेल. हरून आल्यावर काय बोलतो ते ऐका. त्यातून तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल.

आणि वयाची एक रेघ आजच तिघांनी मिळून ठरवा. वीस वर्षांखालील गटात, म्हणजे पुढच्या साडेतीन वर्षांत, तो राज्याच्या संघात आला तर पदवी हळूहळू होऊ दे, कुस्ती पुढे. नाही आला तर पदवी आणि भरतीची तयारी पुढे, कुस्ती आवडीची. ही रेघ आता शांतपणे ठरली तर तेव्हा घरात भांडण होणार नाही.

अकरावीच्या दुसऱ्या सत्राची फी अजून भरली नसेल तर या आठवड्यात भरून टाका. मुलाला डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन आणि किडनीची रक्ततपासणी करून घ्या, आणि ते जर्किन तुमच्याकडे ठेवा.